पाटी, नाव आणि क्रमांक : संगणकाच्या पडद्यावरील मराठीविषयी

दादर स्थानकात ९ डिसेंबर २०२३ पर्यंत फलाट क्रमांक १ दोन होते. एक पश्चिम रेल्वेचा, दुसरा मध्य रेल्वेचा. पूल सामाईक, गर्दी सामाईक. क्रमांकांच्या माळा मात्र दोन. रोज ये-जा करणाऱ्याचे यात फारसे अडत नव्हते, कारण त्याच्या लेखी फलाटाची ओळख क्रमांकाने होतच नसे. कोणत्या जिन्याने उतरायचे आणि कुठे उभे राहायचे, हे त्याच्या पायांना ठाऊक असे. अडत असे ते बाहेरगावाहून आलेल्याचे. त्या दिवसापासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ हे क्रमांक तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक देण्यात आले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, रेल्वेच्या अंतर्गत व्यवहारात दादर ही दोन स्थानके आधीपासूनच होती. मध्य रेल्वेच्या दादरची सांकेतिक अक्षरे 'डीआर', पश्चिम रेल्वेच्या दादरची 'डीडीआर'. यंत्रणेच्या लेखी ती निराळी होती. पाटी वाचणाऱ्या माणसाला तेवढी ती एक दिसत होती.

वस्तूची ओळख आणि वस्तूचे नाव या दोन गोष्टी एक नव्हेत, हा विचार भाषाभ्यासकांना नवा नाही. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत जिनीव्हाहून पॅरिसला जाणाऱ्या ८.२५ च्या गाडीचा दाखला येतो : डबे बदलले, इंजिन बदलले, माणसे बदलली, तरी गाडी 'तीच' राहते, कारण तिची ओळख वेळापत्रकातील तिच्या स्थानावरून ठरते. (मुंबईच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. ८.२५ ची जलद गाडी पावणेनऊला आली तरी ती ८.२५ चीच असते.) चिन्हक आणि चिन्हित यांच्या चर्चेत हा दाखला आपल्याकडे अनेकदा दिला गेला आहे. मात्र ज्या क्षेत्रात हा भेद रोज हाताळला जातो आणि त्यातील चूक रोज कोणाला तरी भोवते, त्या क्षेत्राकडे मराठीच्या अभ्यासकांचे लक्ष गेलेले नाही. ते क्षेत्र म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील बटने, रकाने, याद्या आणि खुणेच्या चौकटी, ज्यांना प्रोग्रामिंगच्या व्यवहारात 'कंट्रोल' म्हणतात, त्यांचे नामकरण. मराठी विभागांनी संगणकावरील मराठी हा विषय आजवर परिभाषेचा, म्हणजे शब्दसूचीचा विषय मानला. 'की-बोर्ड'ला कळफलक म्हटले आणि 'प्रिंट'ला मुद्रण म्हटले की काम संपले, अशी समजूत त्यामागे आहे. ती अपुरी आहे. हा मुळात व्याकरणाचा आणि संबोधनाचा प्रश्न आहे.

प्रथम कंट्रोलच्या दोन नावांविषयी. १९९१ साली मायक्रोसॉफ्टने 'व्हिज्युअल बेसिक' ही प्रणाली बाजारात आणली आणि पुढच्या काही वर्षांत दादर-गिरगावच्या संगणकवर्गांतून असंख्य मराठी तरुणांनी तिच्यावर हात बसवला. तिच्यात कोऱ्या पानावर बटन ठेवले की त्या बटनाला दोन गुणधर्म आपोआप चिकटत : एक 'नेम', दुसरा 'कॅप्शन'. आरंभी दोहोंत एकच मजकूर असे, 'कमांड१'. कॅप्शन ही पाटी. ती वापरणाऱ्याला दिसते आणि प्रोग्राम चालू असताना बदलताही येते. नेम हे प्रोग्रामच्या पोटातले नाव. ते वापरणाऱ्याला कधीच दिसत नाही आणि प्रोग्राम चालू असताना बदलत नाही. नवशिक्याची खोड अशी की, तो पाटी बदलतो आणि नाव तसेच ठेवतो. पडद्यावर 'सेव्ह', 'प्रिंट', 'क्लोज' अशा नेटक्या पाट्या आणि आत मात्र कमांड१, कमांड२, कमांड३. सहा महिन्यांनी त्यातले कोणते काय करते, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

परळ-नायगावच्या वाचकाला ही परिस्थिती ओळखीची वाटावी. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या २०७ बीडीडी चाळींना नावे नव्हती, क्रमांक होते. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, एकूण ऐंशी. सरकारी दप्तरात खोलीची ओळख चाळीचा आणि खोलीचा क्रमांक एवढीच. पण चाळीतल्या चाळीत क्रमांकाने कोणी कोणाला ओळखले असेल, असे वाटत नाही. तिथे 'मास्तरांची खोली' असते, 'जिन्यालगतची खोली' असते. पहिली ओळख माणसावरून, दुसरी जागेवरून. पुनर्विकासात चाळ पाडली की जिन्यालगतची खोली ही ओळख नाहीशी होते. मास्तरांची खोली दुसऱ्या इमारतीतही मास्तरांचीच राहते. प्रोग्राम तपासणाऱ्या यंत्रणांना बटन कसे शोधायचे हे शिकवताना नेमका हाच अनुभव येतो. 'वरून तिसरे, डावीकडून दुसरे' असे सांगून ठेवले, तर पडद्याची मांडणी बदलताच तपासणी कोसळते. बटनाला त्याच्या कामावरून नाव दिलेले असले, तर ते कोठेही हलवले तरी सापडते.

नाव कामावरून द्यावे की प्रकारावरून, याविषयी प्रोग्रामिंगच्या जगात दीर्घ वाद झाला. चार्ल्स सिमोनी या हंगेरियन वंशाच्या प्रोग्रामकाराने रूढ केलेल्या पद्धतीत नावाच्या आधी प्रकार सांगणारी अक्षरे जोडत. त्याच्या मूळ देशावरून तिला 'हंगेरियन पद्धती' असेच नाव पडले; हंगेरियनमध्ये आडनावही आधी येते. व्हिज्युअल बेसिकच्या काळात बटनासाठी 'सीएमडी', मजकुराच्या रकान्यासाठी 'टीएक्सटी' आणि पाटीसाठी 'एलबीएल' ही तीन-तीन अक्षरे रूढ होती. पुढे मायक्रोसॉफ्टच्याच डॉट-नेट प्रणालीच्या मार्गदर्शनात ही पद्धती वापरू नये, असे सांगण्यात आले. रकान्याच्या जागी यादी आली आणि नाव तेच राहिले, तर नाव खोटे बोलू लागते, हा तिच्यावरील एक आक्षेप. माणसांच्या जगात असे खोटे नाव कोणाला खुपत नाही. धोबीतलावात तलाव उरलेला नाही, फणसवाडीत फणसाच्या सावलीचा शोध कोणी घेत नाही. वर्णन म्हणून जन्मलेले नाव विशेषनाम झाले की त्याच्या अर्थाची झीज झालेली चालते. प्रोग्राम वाचणाऱ्याची पंचाईत अशी की, तो प्रत्येक नाव वर्णन म्हणूनच वाचतो. त्याच्यासाठी फणसवाडी म्हणजे फणस असलेली वाडी. सामान्यनाम, विशेषनाम आणि वर्णन यांची सीमा व्याकरणाच्या तासाला जितकी कोरडी वाटते, तितकी ती येथे कोरडी राहत नाही.

आणखी एक बारकावा नोंदवावा असा आहे. विंडोज प्रणालीतील संवादाच्या चौकटीत प्रत्येक घटकाला क्रमांक असतो; 'ओके'चा १, 'कॅन्सल'चा २. मात्र ज्या नुसत्या पाट्या आहेत, ज्यांना प्रोग्राम कधी हाक मारणार नाही, त्या सर्वांना मिळून एकच क्रमांक देण्याची रीत आहे : उणे एक. ज्याला हाक मारायची नाही त्याला नाव नको, हा व्यवहार तर्काला धरून आहे खरा. पण ज्या पाटीला आज हाक मारायची नाही तिला उद्या मारावी लागते, आणि तेव्हा उणे एकांच्या गर्दीतून ती हुडकावी लागते.

आता पाट्यांकडे वळू. मराठीचा खरा प्रश्न तिथे आहे. नेहमीच्या वापरातील एक चौकट डोळ्यांसमोर आणावी. प्रश्न आहे : 'हे आरक्षण रद्द करायचे आहे का?' खाली दोन बटने : 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. आरक्षण रद्द करू इच्छिणाऱ्या मराठी माणसाचे बोट स्वाभाविकपणे 'रद्द करा'कडे जाते. ते दाबल्यावर चौकट मिटते, आरक्षण जसेच्या तसे राहते. इंग्रजीतील 'कॅन्सल' हा शब्द एकाच वेळी 'झालेले रद्द करणे' आणि 'चाललेले सोडून देणे' असे दोन अर्थ वागवतो. मराठीतील 'रद्द' पहिलाच अर्थ वागवतो. अरबीतून फारसीच्या मार्गाने दप्तरात शिरलेला हा शब्द. जे मंजूर झाले, नोंदले गेले, त्यावर रेघ ओढणे हा त्याचा पिंड. जे अजून घडलेलेच नाही ते रद्द कसे करणार? भाषांतरकाराने कोशात 'कॅन्सल'समोर 'रद्द करणे' पाहिले आणि तो शब्द उचलला. कोश चुकीचा नव्हता. कोशाला चौकट दिसत नव्हती, एवढेच.

आणि चूक केवळ शब्दाची नाही. 'ठीक आहे' हे वाक्य कोण म्हणते? वापरणारा म्हणतो. 'रद्द करा' हे कोण म्हणते? येथे गफलत सुरू होते. हे वापरणाऱ्याने यंत्राला म्हटले, असे धरले तर यंत्राला आदरार्थी 'करा' का? अडलेल्या गाडीला मराठी माणूस 'चल' म्हणतो, 'चला' म्हणत नाही. रुसलेल्या स्टोव्हलाही कोणी अहो-जाहो करत नाही. म्हणजे 'करा' हे यंत्राचे माणसाला उद्देशून बोलणे ठरते. परिणामी एकाच चौकटीतील शेजारशेजारच्या दोन बटनांवर दोन निरनिराळे वक्ते बोलत असतात. दुकानाच्या काचेच्या दारावर 'ढकला' आणि 'ओढा' असते, तेथे वक्ता कोण याविषयी संशय नसतो : दार लावणाऱ्याने येणाऱ्याला केलेली ती सूचना आहे. 'रांगेत उभे राहावे', 'येथे वाहने लावू नयेत' या पाट्यांतील विध्यर्थही असाच स्वच्छ आहे. बटनावरचा शब्द मात्र सूचना नव्हे. तो दाबणाऱ्याने केलेला उच्चार आहे. ऑस्टिनने १९६२ सालच्या आपल्या पुस्तकात ज्या उक्तींची चर्चा केली, ज्यांचा उच्चार हीच कृती असते, त्यांचा इतका शुद्ध नमुना दैनंदिन जीवनात दुसरा सापडणे कठीण. 'जतन' हा शब्द दाबला की जतन होते. मग तो शब्द ज्याच्या तोंडी आहे त्याच्या तोंडी शोभेल अशा रूपात का असू नये?

इंग्रजीला हा प्रश्न पडला नाही, कारण तिथे क्रियापदाचे मूळ रूप आज्ञा, इच्छा आणि क्रियेचे नाव या तिन्हींसाठी चालते. मराठीला निवड करावी लागते, आणि निवड करावी लागणे ही उणीव नसून संपन्नता आहे, हे भाषांतर करणाऱ्यांच्या मनावर कोणी बिंबवलेले नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले तेव्हापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ग्रंथापर्यंत आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांची जी छाननी झाली, तिचा उपयोग करण्याची वेळ आली असता मराठीचा पदवीधर तिथे उपस्थित नाही. ज्यांनी भाषांतरे केली त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मुक्त प्रणालींच्या मराठीकरणात तर अनेकांनी विनामोबदला हजारो वाक्ये उतरवली. पण त्यांच्यासमोर येत होती ती वाक्ये नव्हती, वाक्यांची तुटलेली यादी होती. मुक्त प्रणालींत बराच काळ रूढ असलेल्या पद्धतीत मूळ इंग्रजी शब्द हाच त्या नोंदीचा ओळख-क्रमांक असे. 'ओपन' हा शब्द एका ठिकाणी 'उघड' अशी आज्ञा आणि दुसऱ्या ठिकाणी 'उघडलेली' अशी स्थिती असला, तरी यादीत तो एकदाच येई आणि त्याला एकच मराठी प्रतिशब्द मिळे. त्यात मराठीने भर घातली ती अशी की, 'उघडा' हे आज्ञार्थी रूपही आहे आणि पुल्लिंगी विशेषणही. पडद्यावर 'उघडा' एवढाच शब्द वाचून दस्तऐवज उघडायचा आहे की तो आधीच उघडा आहे, हे कळण्यास मार्ग नाही. पुढे शब्दासोबत संदर्भ नोंदवण्याची सोय झाली. परंतु संदर्भ लिहायचा कोणी? मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्याने. आणि त्याच्या भाषेत तर संदिग्धता नाहीच.

'जतन' की 'साठवणे' की 'संचयित करणे', हा वाद मराठीकरण करणाऱ्यांत बराच रंगला आणि निरनिराळ्या प्रणालींत हे तिन्ही शब्द वावरले. 'संचयित करा'विषयी फार बोलण्याचे कारण नाही. हा शब्द बोलताना कोणाच्या तोंडी ऐकू येत नाही. 'साठवणे' सोपा आहे, पण त्याला धान्याचा वास आहे, आणि साठा वाढवण्याकडे त्याचा ओढा आहे. 'यत्न'पासून आलेल्या 'जतन'मध्ये काळजीने राखण्याचा अर्थ आहे. तासभर लिहिलेले पान वीज जाऊन नाहीसे झाल्याचा अनुभव ज्याने घेतला असेल, त्याला या शब्दातील काळजी अनाठायी वाटणार नाही. तेव्हा 'जतन' हा शब्द योग्य. पण त्याच्या शेपटीला लावलेला 'करा' अनावश्यक. क्रियावाचक नामे मराठीत विपुल आहेत : जतन, छपाई, शोध, नक्कल. त्यांना वक्ता लागत नाही, श्रोता लागत नाही, लिंग-वचनाचा घोळ नाही, आणि बटनाच्या अरुंद पाटीवर ती मावतात.

राहिला 'कॅन्सल'. यासाठी मराठीपाशी असा शब्द आहे की ज्याचा हेवा इतर भाषांनी करावा : 'नको'. 'नाही' वस्तुस्थिती नाकारते, 'नको' देऊ केलेले नाकारते. हा भेद इंग्रजीच्या 'नो'मध्ये नाही. 'हे आरक्षण रद्द करायचे?' या प्रश्नाखाली 'हो, रद्द' आणि 'नको' अशी दोन बटने असली, तर आजीलाही गोंधळायला जागा उरत नाही. मात्र हा उपाय सरसकट लावता येणार नाही. कागद मिटताना तीन बटनांची जी चौकट येते, 'बदल जतन करायचे?', तिच्यात 'नको'चा स्वाभाविक अर्थ 'जतन नको' असा होतो. म्हणजे तो इंग्रजीतील 'नो'ची जागा घेतो, आणि 'कॅन्सल'साठी निराळा शब्द लागतो. तेथे 'मागे' किंवा 'राहू दे' चालावे. म्हणजेच 'कॅन्सल'ला एक मराठी प्रतिशब्द नाही. प्रश्न पाहून तो ठरवावा लागतो. परिभाषा-समित्यांच्या कार्यपद्धतीत हे बसत नाही, कारण तेथे एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द लिहिला की रकाना भरतो.

'रकाना' हा शब्द येथे ओघाने आला, पण त्यावर थांबणे अगत्याचे आहे. पडद्यावर मजकूर भरण्याच्या जागेला मराठीकरणात 'मजकूर पेटी', 'मजकूर क्षेत्र' असे शब्द वापरले गेले. गिरगावातल्या ज्या पिढ्यांनी फोर्टमधल्या कचेऱ्यांत लेखण्या झिजवल्या, त्यांना अशा जागेचे नाव शोधावे लागले नव्हते. अर्जातली ती जागा म्हणजे रकाना. शेवटचा रुंद रकाना शेऱ्याचा. 'लागू नसेल ते खोडावे' हे वाक्य तर एकातून एक निवडण्याच्या गोल बटनांचे कागदी रूप आहे. इंग्रजीत त्या बटनांना 'रेडिओ' म्हणतात ते जुन्या मोटारीतील रेडिओवरून : एक कळ दाबली की आधी दाबलेली वर येई. आपल्याकडे 'रेडिओ बटना'चे भाषांतर कसे करावे यावर डोके खाजवणाऱ्यांना खोडण्याची ही देशी रीत आठवली नाही. तपशील, नोंद, दाखला, शिल्लक, खतावणी, मंजूर, नामंजूर ही सारी दप्तराची शब्दसंपत्ती घासूनपुसून तयार आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळच्या राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत आणि शासनाच्या १९६२ च्या पदनाम कोशापर्यंत नवे शब्द घडवण्याची आपली परंपरा मोठी आहे. दादरला वास्तव्य केलेल्या सावरकरांना ज्यांचे श्रेय दिले जाते त्या 'क्रमांक' आणि 'दिनांक' यांच्यावाचून आजचा एकही अर्ज पुरा होत नाही. पण घडवण्याच्या भरात असलेले शब्द विसरण्याची खोडही त्याच परंपरेने लावली.

याच्या उलट टोकाला लालबाग-परळच्या गिरण्या. तिथल्या कामगाराने मागाला 'साचा' म्हटले. गुजरातीतला 'सांचो' म्हणजे यंत्र, तोच हा शब्द. मागावरून आडवा धावतो तो 'धोटा'. 'जॉबर' आणि 'बॉबिन' इंग्रजीतून आले ते तसेच राहिले. 'खाते', 'पाळी', 'बदली' या घरगुती शब्दांना गिरणीत नवे अर्थ आले. यासाठी समिती बसली नव्हती. जो हात यंत्राला लागत होता त्याने नावे दिली, आणि जवळ मराठी शब्द असला तर तो, नसला तर गुजराती किंवा इंग्रजी, असा बिनदिक्कत व्यवहार केला. नारायण सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ'मधून (१९६६) किंवा बाबूराव बागुलांच्या कथांतून या परिसराची भाषा साहित्यात आली तेव्हा समीक्षेने तिचे स्वागत केले. पण तिचा विचार झाला तो अनुभवाची भाषा म्हणून. यंत्राला नाव देण्याची मराठी पद्धती म्हणून तिच्याकडे पाहिले गेले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या गेल्या आणि साचेखात्याचे शब्दही विरत गेले. 'माऊस'ला उंदीर म्हणावे काय, असा विनोद करणाऱ्यांनी आणि तो गांभीर्याने घेणाऱ्यांनीही हा नमुना पाहायला हवा होता. 'क्लिक', 'फाइल', 'माऊस' हे आजचे जॉबर-बॉबिन आहेत. त्यांना हात लावण्याचे कारण नाही.

पाटीवरच्या एका अक्षराचा प्रश्न अजून उरतो. इंग्रजी बटनावरील एका अक्षराखाली रेघ असते. ऑल्ट कळीसोबत ते अक्षर दाबले की बटन दाबल्यासारखे होते. मराठीकरणात यावर काढलेला तोडगा म्हणजे मराठी शब्दापुढे कंसात इंग्रजी मूळ शब्दाचे रोमन अक्षर. 'जतन करा' आणि पुढे कंसात 'एस'. मराठी पाटीखालून मूळ इंग्रजी पाटी अशी डोकावत राहते; ज्याला इंग्रजी येत नाही त्याने 'जतन'चा आणि 'एस'चा संबंध पाठच करायचा. देवनागरीत जोडाक्षराच्या कोणत्या भागाखाली रेघ ओढावी, ही अडचण खरी आहे. तरी 'जतन'च्या 'ज'खाली ती ओढता येत नाही, असे नव्हे.

हे सारे चांगल्या डोळ्यांच्या माणसांपुरते झाले. ज्याला पडदा दिसत नाही, त्याच्यासाठी नाव हीच वस्तू असते. पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणाली बटनाचे चित्र वाचत नाहीत. प्रोग्रामकाराने दिलेले नाव वाचतात. चित्राच्या बटनाला नाव दिले नसेल तर कानी पडते ते नुसते 'बटन'. ओळीत सहा चित्रे असली तर सहा वेळा 'बटन, बटन, बटन'. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र चालते; अशा ठिकाणी वाचायला बसणाऱ्या विद्यार्थ्याला सहांपैकी कोणते बटन पान जतन करते आणि कोणते पुसून टाकते, हे कळण्याचा उपाय म्हणजे नाव. मायक्रोसॉफ्टच्या अलीकडच्या रचनेत यासाठी दोन निराळे गुणधर्म केलेले आहेत : एक माणसाला ऐकवायचे नाव, जे भाषेनुसार बदलते, दुसरी यंत्राने ओळखायची खूण, जी कोणत्याही भाषेत तीच राहते. 'डीआर' आणि 'दादर' यांच्यातील श्रमविभागणीच ही. मराठीकरण करताना पडद्यावर दिसणाऱ्या पाट्या तेवढ्या मराठी होतात आणि ऐकवायची नावे इंग्रजीतच राहून जातात, कारण ती भाषांतरकाराच्या नजरेस पडत नाहीत. दृष्टिहीन मराठी विद्यार्थ्याला मग असा प्रोग्राम मिळतो की, जो पाहणाऱ्यासाठी मराठी आहे आणि ऐकणाऱ्यासाठी इंग्रजी.

दिसणाऱ्या पाटीवरूनच ओळख पटवावी, असे म्हणणाऱ्यांसाठी देवनागरीने आणखी एक पेच ठेवला आहे. 'दुसऱ्या' या शब्दातील रफाराचे जे मराठीचे खास रूप, ते युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते : नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे सांधणारे चिन्ह जोडून. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात. यंत्राच्या लेखी ती दोन निराळी अक्षरमालिका आहेत. 'ॲप'मधील आद्य स्वराचेही तसेच : त्यासाठी स्वतंत्र चिन्ह २००८ साली युनिकोडमध्ये आले, पण त्याआधीच्या लेखनरीती मागे राहिल्याच. म्हणून 'दुसऱ्या पानावर' अशी पाटी शोधायला सांगितली असता तपासणीची यंत्रणा डोळ्यांदेखत असलेली पाटी सापडत नाही म्हणून सांगते. जावा, सी-शार्प किंवा पायथनमध्ये कंट्रोलचे आतले नावही देवनागरीत देता येते. तसे द्यावे, असा आग्रह काही उत्साही मंडळी धरतात. हा आग्रह सध्या तरी बाजूला ठेवलेला बरा. दादरची पाटी देवनागरीत हवी, याविषयी दुमत असू नये. 'डीडीआर' ही अक्षरे रेल्वेच्या कामकाजापुरती असून ती फलाटावर कोणाला वाचावी लागत नाहीत.

पदव्युत्तर वर्गांत व्यावहारिक मराठीची अभ्यासपत्रिका आहे. तिच्यात जाहिरात, बातमी आणि पत्रव्यवहार असतो. एखाद्या बँकेच्या, नाही तर तिकीट-विक्रीच्या मराठी प्रणालीतील शंभर पाट्या उतरवून घ्याव्यात, प्रत्येकीचा वक्ता कोण हे समासात लिहावे, आणि 'करा' जिथे जिथे आला असेल तिथे तो कोणी कोणाला म्हटला हे वर्गात विचारावे. एवढ्यासाठी संगणकाचे शास्त्र यावे लागत नाही. परळ-लालबागच्या उरलेल्या वृद्ध कामगारांकडून साचेखात्यातील भागांची नावे उतरवून घेण्याचे काम त्याहून तातडीचे आहे, कारण ती सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.